एकाहत्तर टक्के

पुस्तक एकाहत्तर टक्क्यांवर संपलं.

म्हणजे झालं असं, की नदीचा उगम शोधत निघालेला कादंबरीतला तो माणूस डोंगरमाथ्यावरच्या एका ओल्या जागेपाशी आला, खाली बसला, त्यानं बूट काढून बाजूला ठेवले, आणि ओळ संपली. वाचून दाखवणाऱ्या अंगठेबहाद्दरानं सवयीनं पडद्यावर बोट फिरवलं. पुढचं पान आलं, त्यावर एकच शब्द होता : टिपा. त्याला वाटलं, आपलं बोट जास्त घसरलं. त्यानं मागं जाऊन पाहिलं. बूट तसेच बाजूला काढलेले. पुढं टिपा. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत एकाहत्तर टक्के. एकोणतीस टक्के अजून शिल्लक होते. निदान सकाळपर्यंत तरी होते. त्या एकोणतीस टक्क्यांच्या भरवशावर त्यानं काय काय पुढं ढकललं होतं ते त्याचं त्यालाच माहीत. समोर खाटेवर, तीन उशांना टेकून, थोरला भाऊ डोळे मिटून ऐकत होता. मिटले काय नि उघडे ठेवले काय, त्या डोळ्यांना वर्षभरापासून उजेड आणि काळोख यांपलीकडे फारसं काही कळत नव्हतं. दुपारचे अडीच झाले होते. खिडकीखालून कुणीतरी पत्र्याचा डबा फरफटत नेत होतं. "थांबलास का रे?" थोरल्यानं विचारलं. "पाणी पितो," हा म्हणाला, आणि खरंच उठून पाणी प्यायला.

अंगठेबहाद्दर म्हणजे अक्षरशत्रू, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण ह्याला ते नाव पडलं ते उलट्या कारणानं. पंचेचाळीस वर्षं पुस्तकं बांधली ह्यानं. कुठलंही पुस्तक हातात द्या, हा नुसता कडेवर अंगठा ठेवायचा आणि पानं सांगायचा. दोनशे चोवीस. एकशे साठ. चार पानं इकडे नाही की तिकडे नाही. कागद जाड असो, पातळ असो, अंगठ्याला बरोबर कळायचं. थोरल्याचा एक जिवलग मित्र होता, गल्लीच्या टोकाला त्याचा छापखाना होता, आणि छापलेले कागद बांधायला ह्याच्याकडे यायचे. त्या छापखानेवाल्यानं एकदा सगळ्यांसमोर पैज लावली, हरला, आणि हसत हसत म्हणाला, "हा खरा अंगठेबहाद्दर! वाचत काही नाही, अंगठा मात्र पंडित!" ते नाव चिकटलं ते चिकटलंच. आणि खोटं तरी काय होतं त्यात? हजारो पुस्तकं हाताखालून गेली, वाचली बोटावर मोजण्याइतकी. हलवायाला कुठं मिठाईची हौस असते! ही विद्या कुठून आली असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, उपजतच आहे. आणि त्याला ते खरंही वाटायचं.

तो अंगठा ह्या पाटीपुढं पार ठार ठोंब्या ठरला होता. पाटी हे नाव थोरल्यानं दिलेलं. वाचायचं ते यंत्र पुतणीनं, म्हणजे थोरल्याच्या मुलीनं, दोघांसाठी मिळून आणून दिलं होतं. थोरल्याला दिसत नाही आणि धाकट्याला बारीक टाइप झेपत नाही, यात अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं म्हणून. पहिल्या दिवशी ह्यानं अक्षर मोठं केलं, अजून मोठं केलं, आणि उलटून पालटून पाहिलं, तर पाटी होती तेवढीच. अरे, अक्षर मोठं करायचं आणि पुस्तक जाड व्हायचं नाही, हे काय नाटक? चार पानांची गोष्ट असली तरी तेवढीच, हजार पानांची असली तरी तेवढीच. खऱ्या पुस्तकात वाचता वाचता वजन उजव्या हातातून डाव्या हातात जातं. शेवट जवळ आला की उजवा हात हलका पडतो, आणि माणूस आपोआप सावध होतो, मनाची तयारी करतो. इथं पहिल्या दिवशी जे वजन तेच एकाहत्तराव्या टक्क्याला. कोपऱ्यात आकडा तेवढा बदलायचा, आणि त्याखाली, 'या प्रकरणात अजून नऊ मिनिटं'. कुणाची नऊ मिनिटं? पुतणी म्हणाली, "काका, तुमचा वेग बघून ती अंदाज बांधते." मोठ्यानं वाचायचं म्हणजे हा सावकाश वाचणार, थांबणार, खोकणार, पाटीनं ते सगळं मनात धरलं आणि मिनिटं वाढवत नेली. आपल्याकडे कुणीतरी टक लावून बघतंय असं त्याला वाटायचं. पण टक्क्यावर मात्र त्याचा विश्वास बसला. आयुष्यभर शेवट किती लांब आहे ते हातानं चाचपलेला माणूस, त्याला चाचपायला काहीतरी हवंच होतं.

आणि टक्के काय फक्त पाटीवर होते? थोरल्याच्या हृदयाचेही टक्केच सांगितले होते. "पस्तीस टक्केच काम करतंय," डॉक्टर म्हणाला, जसं काही उरलेले पासष्ट कुठंतरी सुट्टीवर गेलेत. मग त्यानं थोरल्याच्या घोट्यावर आपला अंगठा दाबला आणि उचलला. तिथं खळगा पडला, आणि पडलेला तसाच राहिला. अंगठेबहाद्दर बघत होता. खळगा भरून यायला किती वेळ लागतो तेही त्यानं मनात मोजलं. ऑपरेशन पुतणीच्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात करायचं, लवकर करायचं, निभावण्याची शक्यता साठ टक्के. बाहेरच्या बाकावर बसल्यावर थोरला म्हणाला, "साठ टक्के म्हणजे पहिला वर्ग की रे." उभी हयात भूगोल शिकवण्यात गेली होती, विनोदही शाळेतलेच. पण पुतणी न्यायला आली तेव्हा थोरला हटून बसला. वहिनी गेल्यावर चार महिन्यांपूर्वी तो धाकट्याकडे राहायला आला होता, आणि नदीची ती लांबलचक कादंबरी नुकतीच सुरू झाली होती. "अर्धवट पुस्तक टाकून मी कुठं येत नाही," तो म्हणाला. "टेबलावर आडवा पडल्यावर त्या माणसाला नदी सापडली की नाही ही रुखरुख नको मला. पुस्तक संपलं की ने. त्याआधी हट्ट करू नकोस." पुतणी रडली, चिडली, शेवटी म्हणाली, "काका, तुम्ही तरी जरा भरभर वाचा." आणि रोज चार वाजता तिचा फोन यायला लागला. तब्येत विचारायच्या आधी ती विचारायची, "काका, किती टक्के झालं?"

आता खरी गोष्ट सांगायची तर काकानं भरभर वाचलं नाही. रोज एक टक्का, फार तर दीड. कधी कालचंच पान परत वाचायचा, "इथंच होतो ना आपण?" म्हणत. थोरल्याला कळत असेल, नसेल, तो काही बोलायचा नाही, फक्त पाटी मिटल्यावर विचारायचा, "किती उरलं?" सकाळी थोरला झोपेत असताना हा त्याच्या पायाशी जायचा, घोट्यावर अंगठा दाबायचा, आणि मोजायचा. सुरुवातीला खळगा दहा म्हणेपर्यंत भरायचा. मग वीस. गेल्या आठवड्यात चाळीस. काल तो साठापर्यंत मोजत बसला, आणि खळगा तिथंच, शिक्का मारल्यासारखा. ह्याला काय कळत नव्हतं? सगळं कळत होतं. आपण पानं लांबवतोय आणि तिकडे भावाच्या पायात पाणी चढतंय. पण पुस्तक संपण्याआधी त्याला थोरल्याला एक गोष्ट सांगायची होती, आणि ती सांगायचं धाडस होत नव्हतं. आधी त्यानं ठरवलं, दहा टक्के झाले की सांगू. मग पंचवीसला. मग म्हणाला, निम्मं होऊ दे. पन्नासावा टक्का आला त्या दिवशी थोरला खुशीत होता, एवढ्या खुशीत कशाला विरजण घाला म्हणून ते राहिलं. शेवटी नव्वद ठरलं. नव्वद म्हणजे नव्वद, आता माघार नाही. आणि हे पुस्तक बघा, एकाहत्तरावरच चारीमुंड्या चीत!

ती गोष्ट त्रेचाळीस वर्षांपूर्वीची. थोरल्यानं एक कादंबरी लिहिली होती. सहा वर्षं लिहीत होता, शाळेतून आल्यावर, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. ती छापली मित्रानं आणि बांधली धाकट्यानं. आपलीच माणसं, आपलंच काम. दोनशे चोवीस पानं, सोळा पानांचा एक फर्मा, असे चौदा फर्मे. छापलेला मोठा कागद घड्या घातल्यावर सोळा पानांचा होतो, त्याला फर्मा म्हणायचं. प्रत्येकाच्या पहिल्या पानाच्या पायथ्याशी बारीक आकडा असतो, तो बघून एकावर एक लावायचे आणि शिवायचे. आकडा बघून! पण आकडे नवशिक्यांनी बघावेत, अंगठेबहाद्दरानं कशाला? लांब टेबलावर चौदा ढीग मांडायचे आणि टोकापासून टोकापर्यंत एकेक उचलत जायचं, शेवटी अंगठा ठेवायचा. जाडी बरोबर, म्हणजे पुस्तक बरोबर. छापखान्यात सहाव्या फर्म्यात एक चूक राहिली होती, म्हणून तो पुन्हा छापला गेला होता, आणि खराब कागदांचा गठ्ठाही चुकून चांगल्यांबरोबर आला. मित्रानं निरोप धाडला होता, सहावे दोन आहेत, वरचा काढून टाक. ह्यानं हो म्हटलं आणि विसरला. टेबलावर चौदा ढीग झाले. सहाव्याच्या शेजारी पुन्हा सहावाच. सातव्याचा गठ्ठा तपकिरी कागदात गुंडाळलेला, टेबलाखाली. पाचशे प्रतींवर ह्यानं अंगठा ठेवला, पाचशे वेळा अंगठ्यानं सांगितलं, दोनशे चोवीस, बरोबर. अंगठा खोटं बोलला नव्हता. जाडी बरोबरच होती.

पुस्तकं वाटली गेल्यावर तिसऱ्या दिवशी झाडताना तो गठ्ठा केरसुणीला लागला. दार लावून घेऊन तो त्या गठ्ठ्यापाशी उकिडवा बसून राहिला होता. त्याच संध्याकाळी थोरला आणि छापखानेवाला भर गल्लीत भांडत होते. "मी चौदा दिलेत, मोजून दिलेत, खराब सहाव्याचा निरोपही धाडलाय," मित्र शपथा घेत होता. "माझ्या हातून सातवा गेलाय." आणि थोरला म्हणत होता, "मग तो काय हवेत विरला? धाकट्याचा अंगठा चुकत नाही." हे म्हणाला तो! धाकटा बाजूलाच उभा होता. एक वाक्य बोलायचं होतं. तो मूग गिळून गप्प बसला. आज बोलू, उद्या बोलू, जरा निवळू दे, मग बोलू. निवळलं नाहीच. दोघांनी एकमेकांचं तोंड बघणं सोडलं. बत्तीस वर्षं थोरला त्या छापखान्यावरून जाताना पलीकडच्या फुटपाथनं गेला. अकरा वर्षांपूर्वी छापखानेवाला वारला, तेव्हा थोरला घरात बसून शाळेचे पेपर तपासत होता, शाळा सोडून कित्येक वर्षं झाली असतानाही. म्हणजे जुने पेपर काढून बसला होता. धाकटा एकटाच जाऊन आला, आणि परत आल्यावर जेवला नाही.

सगळ्यांत वाईट म्हणजे त्या पुस्तकाची कुणी थट्टा केली नाही. केली असती तर बरं झालं असतं. एका मासिकात त्यावर चांगली दोन पानं लिहून आली. लेखकानं तीच सोळा पानं पुन्हा छापून काळाचं थिजलेपण दाखवण्याचा धाडसी प्रयोग केला आहे, म्हणे. आणि त्यानंतर एकशे तेराव्या पानावर, मागचापुढचा काही संबंध नसताना, 'पुठ्ठा लागला' असं एक वाक्य अवचित येतं, ते तर त्या लिहिणाऱ्याला फारच भिडलं होतं. आधुनिक माणसाच्या अस्तित्वाला लागलेला पुठ्ठा वगैरे. थोरल्यानं ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर वाचलं, मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि इतका हसला की वहिनी घाबरली. त्यानंतर तो कधीच लिहायला बसला नाही. घरातल्या प्रती एके दिवशी रद्दीत गेल्या. ह्यानं तर एकही ठेवली नव्हती. शिवलेलं पाप कोण कपाटात ठेवील? आणि सातव्याचा गठ्ठा? तो फेकायचीही भीती. कुणाच्या हाती लागला तर? म्हणून ह्यानं ते कागद खळीत भिजवून, एकावर एक चिकटवून त्यांचे पुठ्ठे केले, आणि ते घातले कुठं, तर शाळांच्या हजेरीपुस्तकांना. थोरल्याच्या शाळेलाही तीच हजेरीपुस्तकं गेली. वर्षभर थोरला रोज सकाळी पोरांची नावं पुकारत होता, आणि हाताखालच्या पुठ्ठ्यात त्याचीच पानं चिकटून पडली होती. एक फर्मा मात्र ह्यानं ठेवला. का ठेवला, विचारू नका. हत्यारांच्या खणात, दाभण आणि घडी मारायच्या हाडाच्या पट्टीखाली, घडी घातलेला, कडा न कापलेला. न कापलेला फर्मा वाचता येत नाही, पानं वरून बंद असतात. त्यानं तो कधी उघडला नव्हता.

"झालं का पाणी पिऊन?" थोरला म्हणाला. "बस आता. ओल्या जागेपाशी बसलाय तो. पुढं?"

"पाटी जरा अडकलीय," हा म्हणाला. पाटी काही अडकली नव्हती. टिपा पालथ्या घालत तो पुढं गेला. नद्यांच्या नावांची यादी, आभार, कुणाकुणाचे आभार, आणि शेवटी त्याच लेखकाच्या दुसऱ्याच कुठल्या कादंबरीची सुरुवातीची तीन प्रकरणं. म्हणजे एकोणतीस टक्के हे होते! त्याच्या मनात आलं, हेच वाचत सुटावं. पंधरा दिवस तरी निघतील. तेवढ्यात सांगू. नक्की सांगू. त्यानं घसा खाकरला आणि वाचायला लागला : विमानतळावर एक बाई उतरते, तिची पेटी हरवलेली असते.

"ही कोण बाई?" थोरल्यानं डोळे उघडले.

"नवा भाग सुरू झालाय."

"आणि नदीचं काय झालं? बूट काढून बसलाय ना तो तिथं!"

"येईल तेही."

थोरल्याच्या श्वासाचा आवाज तेवढा येत होता, उकळी फुटायच्या आधी पातेल्यातून येतो तसा. पाय पांघरुणाबाहेर होते, घोटे दिसेनासे झालेले. अंगठेबहाद्दर त्या पायांकडे बघत राहिला. पंधरा दिवस. त्याला एकाएकी स्वतःची इतकी शिसारी आली की हातातली पाटी त्यानं उशापाशी पालथी टाकली. अरे, हा माणूस बूट काढून बसलेल्याची वाट बघत मरेल, आणि तू त्याला विमानतळावरच्या पेट्या ऐकव. पाचशे वेळा अंगठा ठेवून गप्प बसलास, आता पाचशेएकावी वेळ. तो उठला. पलीकडच्या खोलीत खण होता. खण ओढताना तो नेहमीसारखा अडकला, नेहमीसारखी एक लाथ मारावी लागली, मग उघडला. हाडाची पट्टी गार होती. फर्मा कडांना पिवळा पडला होता, पण घडी तशीच धारदार. पायथ्याशी बारीक आकडा. सात. तो येऊन खुर्चीवर बसला, पट्टी घडीत घातली, आणि ओढली.

कागद फाटतो तो आवाज निराळा आणि कापला जातो तो निराळा. सुकलेल्या जुन्या कागदाचा तो लांब, खरखरीत आवाज खोलीभर गेला. थोरल्याची मान उशीवरून वळली.

"पाटीला पानं फुटली की काय आज?" तो म्हणाला.

ह्यानं दुसरी घडी कापली. तिसरी. चौथ्या वेळी पट्टी निसटून मांडीवर पडली. मग त्यानं पानं सरळ केली, डोळ्यांच्या अगदी जवळ धरली, आणि सत्त्याण्णवाव्या पानावरून, मधूनच कुठूनतरी सुरू होणारं वाक्य वाचायला घेतलं. '...असं म्हणून तो खाटेच्या कडेवर बसला.' टाइप बारीक होता, डोळ्यांत पाणी येत होतं, थोडं ते टाइपामुळेही. आधी त्याला काही उमगेना. खाटेवर एक सहा वर्षांचा पोरगा पडला होता, त्याला विषमज्वर झाला होता, आणि मोठा भाऊ त्याला एक जाडजूड पुस्तक वाचून दाखवत होता. पोरगा रोज विचारायचा, दादा, किती उरलं? मोठा म्हणायचा, तुला आकडे कळत नाहीत, थांब. आणि पोराचा हात हातात घेऊन त्याचा अंगठा तो पुस्तकाच्या कडेवर ठेवायचा, न वाचलेल्या पानांवर. एवढं उरलं. अंगठा तापानं इतका पोळत असायचा की कागद जळेल असं मोठ्याला वाटायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. एवढं उरलं. गोष्ट संपायच्या आत पोराला काही होणार नाही, असं मोठ्यानं मनाशी धरलं होतं, म्हणून तो हळूहळू वाचायचा. कालचंच पान पुन्हा वाचायचा.

अंगठेबहाद्दर थांबला. त्याला खाट दिसली, तिची गजांची चौकट, भिंतीवरचा पोपडा, कडू औषधाची चव जिभेवर आली. आणि कागदाची कड. अंगठ्याच्या पेराखाली कागदाची कड, आणि वरून एक मोठा, गार हात. उपजत म्हणे! आयुष्यभर जगाला सांगत आला, उपजत! जन्मात त्याला हे एकदाही आठवलं नव्हतं, आणि ज्या सोळा पानांत ते लिहून ठेवलेलं होतं त्यांचे त्यानं खळीत भिजवून पुठ्ठे केले होते.

"वाच," थोरला म्हणाला. आवाज अगदी शांत होता.

त्यानं वाचलं. एकशे बाराव्या पानाच्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. '...पुस्तक संपलं त्या दिवशी पोराचा ताप उतरला. नेहमीसारखा त्यानं आपणहून अंगठा पुढं केला, कडेवर ठेवला, तर खाली' आणि पान संपलं. फर्मा तिथंच संपतो, वाक्य कुठं आहे ते फर्म्याला काय ठाऊक. पुढचं पान आठव्या फर्म्यातलं, आणि तो ह्याच्याजवळ नव्हता, थोरल्याजवळही नव्हता.

"पुठ्ठा लागला," थोरला म्हणाला. मग, छताकडे तोंड करून, एक शब्द न चुकता : "पोरगा म्हणाला, दादा, आता काय मोजू?"

ह्याला हुंदका आवरला नाही. थोरल्यानं त्याला रडू दिलं. मग हात पुढं केला, ह्यानं पानं त्या हातात दिली. थोरल्याला ती वाचायची नव्हतीच. तो कडेवरून बोट फिरवत राहिला.

"सातवा," तो म्हणाला. "तुझ्याकडे होता."

"हो."

"अख्खा गठ्ठा?"

"टेबलाखाली. मी आकडे बघितले नाहीत दादा. अंगठ्यावर गेलो. तिसऱ्या दिवशी सापडला, तेव्हाच सांगायला हवं होतं. तुम्ही भांडत होता तेव्हा मी तिथंच होतो."

"होतास. आठवतंय मला. निळा सदरा होता तुझ्या अंगात." थोरल्यानं श्वास घेतला, तो पुरला नाही, पुन्हा घेतला. "पुस्तकाचं सोड रे. पुस्तक काय, नसतं आलं तरी चाललं असतं. तो शपथा घेत होता. पोराबाळांच्या शपथा घेत होता, आणि मी म्हटलं, धाकट्याचा अंगठा चुकत नाही. मेला तेव्हासुद्धा गेलो नाही मी त्याच्याकडे."

"रागाव माझ्यावर. काहीतरी बोल."

"पस्तीस टक्क्यांत काय काय बसवू?" थोरला म्हणाला. त्याच्या तोंडावर हसू होतं की वेदना, सांगता येत नव्हतं. त्यानं पानं छातीवर ठेवली आणि वर हात ठेवला. ह्याला वाटलं झोपला. मग तो म्हणाला, "आता तिकडे गेल्यावर पहिलं त्यालाच सांगावं लागेल. माफी माग म्हणाला तर तुझ्यातर्फेही मागीन."

तिकडे म्हणजे कुठं, हे ह्यानं विचारलं नाही. बाहेर ऊन खिडकीच्या चौकटीवरून उतरून जमिनीवर आलं होतं. नदीवाल्याचं काय झालं हेही थोरल्यानं विचारलं नाही. कदाचित त्याला आधीच कळलं होतं की त्या माणसानं बूट काढले तिथंच सगळं संपलं, उगम म्हणजे थोडीशी ओल आणि बाकी काही नाही. उशापाशी पालथी पडलेली पाटी ह्यानं उचलली. तिचा पडदा विझला होता. त्यानं बोट लावलं तशी ती जागी झाली; हरवलेली पेटी, आणि कोपऱ्यात त्र्याहत्तर टक्के. तो आकडा त्याला आता कशाचाच वाटेना. न राहवून त्यानं खाली वाकून थोरल्याच्या घोट्यावर अंगठा ठेवला, दाबला, उचलला, आणि मोजायला सुरुवात केली. चाळीस. साठ. ऐंशीच्या पुढं त्यानं मोजणं सोडून दिलं.

चार वाजले, फोन वाजला. पुतणीच होती. "काका, किती टक्के झालं?"

त्यानं थोरल्याकडे पाहिलं. थोरल्यानं डोळे न उघडता, छातीवरचा हात न काढता, नुसती मान हलवली.

"झालं," हा म्हणाला.

"झालं? काका, काल तर सत्तर म्हणालात!"

"झालं गं. ये."